हिरवळीवर मोडलेला करार : सिलोन, १९५७-५८

२६ जुलै १९५७ रोजी सिलोनचे पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदारनायके आणि तमिळांच्या फेडरल पक्षाचे नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्यात एक करार झाला. तो जेमतेम साडेआठ महिने टिकला. पंतप्रधानांच्या घरासमोरच्या हिरवळीवर भिक्खू ठाण मांडून बसले आणि त्यांना लेखी आश्वासन देऊन करार मोडीत काढला गेला. त्याच देशात, आता श्रीलंका या नावाने, १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं.

अस्मितांच्या संघर्षाबद्दल बोलताना आपण ‘दोन समाज समोरासमोर उभे ठाकले’ असं सहज म्हणून जातो. या प्रकरणात समोरासमोर बसलेल्या दोघांचं जमलं होतं. बिनसलं ते त्यांच्या पाठीमागे. माझ्या मते हा करार सिंहली पक्षांच्या आपसातल्या चढाओढीत बळी गेला, आणि तमिळ पक्षाच्या काही निर्णयांनी त्या चढाओढीला इंधन पुरवलं. निर्णयाची वेळ कुठे कुठे आली आणि तेव्हा काय केलं गेलं, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ला स्वतंत्र झाला. भारतात फाळणीचा वणवा पेटलेला असताना इथे सगळं शांततेत पार पडलं, त्यामुळे हे बेट नव्या देशांतला गुणी विद्यार्थी मानलं जायचं. लोकसंख्येत सिंहली सुमारे ७० टक्के, बहुतेक बौद्ध. उत्तर आणि पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सिलोनी तमिळ ११ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटिशांनी कॉफी-चहाच्या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून आणलेले मळ्यातले तमिळ जवळजवळ तितकेच. आणि सहा-साडेसहा टक्के मुसलमान, ज्यांच्यातल्या बहुतेकांची बोली तमिळ, पण ओळख स्वतंत्र.

पहिली ठिणगी १९४८मध्येच पडली. नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यातल्या बहुसंख्य तमिळांचं नागरिकत्व गेलं आणि पाठोपाठ मतदानाचा हक्कही. तमिळ काँग्रेसचे जी. जी. पोन्नंबलम सरकारात मंत्री झाले. त्यांचे सहकारी चेल्वनायकम बाहेर पडले आणि १९४९मध्ये त्यांनी फेडरल पक्ष काढला.

पण खरं भांडण भाषेवरून पेटायचं होतं. राज्यकारभार इंग्रजीत चालायचा आणि इंग्रजी येणारे दहा टक्केही नव्हते. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यात मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळा लवकर आल्या, तिथली जमीन कोरडी, त्यामुळे सरकारी नोकरी हेच तिथलं खात्रीचं पीक. साहजिकच सरकारी खात्यांत तमिळांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त होतं. दुसरीकडे सिंहली खेड्यांत स्वभाषेतून शिकलेला एक मोठा वर्ग दाराबाहेर उभा होता: शाळामास्तर, आयुर्वेदिक वैद्य, विहारातले भिक्खू. स्वभाषेची मागणी मुळात इंग्रजीविरुद्ध होती आणि दोन्ही समाजांची होती. १९४४मध्ये विधिमंडळात जे. आर. जयवर्धने यांनी सिंहलीला राजभाषा करण्याचा ठराव आणला, त्यात चर्चेनंतर तमिळचाही समावेश झाला. जयवर्धने हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते दोनदा येणार आहे.

भीती दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडची खरी होती. सिंहली भाषा जगात दुसरीकडे कुठेच नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे मात्र तमिळ बोलणारे कोट्यवधी. म्हणून देशात बहुसंख्य असलेला समाज मनाने अल्पसंख्याकासारखा वागायचा. तमिळांना दिसत होतं ते साधं गणित: मतपेटीतून काहीही ठरलं तरी आपण कायम हरणार.

पेच कसा तयार झाला

१९५४मध्ये पंतप्रधान जॉन कोटेलावाला जाफन्याला गेले आणि दोन्ही भाषांना समान दर्जा देऊ असं बोलून आले. कोलंबोत परत येईपर्यंत दक्षिणेत काहूर माजलं होतं. बंदारनायके यांच्या श्रीलंका फ्रीडम पक्षाचं धोरण तोवर दोन भाषांचंच होतं. १९५५मध्ये ते ‘फक्त सिंहली’वर आलं. मग कोटेलावालांच्या युनायटेड नॅशनल पक्षानेही फेब्रुवारी १९५६मध्ये केलानियाच्या अधिवेशनात तोच ठराव केला. थोडक्यात, दोन मोठ्या सिंहली पक्षांनी एकमेकांकडे बघत आपापली भूमिका बदलली. तमिळांशी बोलून कुणीच काही ठरवलं नव्हतं.

निवडणूक एप्रिल १९५६ची. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं पूर्ण होत असल्याच्या उत्साहाचं ते वर्ष. बंदारनायके यांनी आघाडी बांधली ती पाच शक्तींची: संघ, वेद, गुरू, गोवी, कम्करू, म्हणजे भिक्खू, वैद्य, शिक्षक, शेतकरी आणि कामगार. ‘चोवीस तासांत सिंहली’ असं त्यांचं आश्वासन होतं. निवडून द्यायच्या ९५ जागांपैकी आघाडीला ५१ मिळाल्या. सत्ताधारी पक्ष ८वर आला. उत्तर-पूर्वेत फेडरल पक्षाने १० जिंकल्या. म्हणजे सिंहली भागाने ‘फक्त सिंहली’ला कौल दिला आणि तमिळ भागाने त्याच्या कडव्या विरोधकाला.

इथे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. राजभाषा विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात तमिळच्या वापरासाठी काही सवलती होत्या. त्याविरुद्ध विद्यापीठातल्या एका अध्यापकाने संसदेच्या आवारात उपोषण सुरू केलं आणि सवलती वगळल्या गेल्या. एक माणूस उपाशी बसला आणि मसुदा बदलला. हा धडा सगळ्यांनी पाठ केला, भिक्खूंनी तर फारच नीट.

५ जून १९५६ला विधेयक मांडलं त्या दिवशी फेडरल पक्षाच्या लोकांनी संसदेसमोरच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रह केला. जमावाने त्यांना मारहाण केली. दंगल शहरात पसरली, आणि पुढे पूर्वेकडच्या गॅल ओया खोऱ्यातल्या, सरकारी योजनांतून वसवलेल्या नव्या वसाहतींत दीडशेच्या आसपास माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. कायदा झाला इनमीन तीन कलमांचा. अंमलबजावणीला १९६०च्या अखेरपर्यंत मुदत होती, पण सरकारी नोकरीतल्या तमिळ कारकुनाला आपली बढती आता सिंहलीच्या परीक्षेत अडकणार हे कळून चुकलं.

ऑगस्ट १९५६मध्ये त्रिंकोमालीच्या अधिवेशनात फेडरल पक्षाने चार मागण्या ठेवल्या: संघराज्य, तमिळला समान दर्जा, मळ्यातल्या तमिळांना नागरिकत्व आणि तमिळ भागांत सरकारी योजनांतून सिंहली शेतकरी आणून वसवणं बंद. २० ऑगस्ट १९५७पर्यंत काही झालं नाही तर सत्याग्रह.

समोर असलेले पर्याय

बंदारनायके यांच्यापुढे सोपा मार्ग होता तो वाट पाहण्याचा. मुदत संपू द्यायची, सत्याग्रह झाला की पोलीस पाठवायचे. त्याने त्यांची गादी पक्की झाली असती आणि उत्तरेत कायमचं वैर आलं असतं. दुसरा मार्ग संघराज्याचा. गंमत म्हणजे १९२६मध्ये, ऑक्सफर्डहून परतलेले तरुण असताना, सिलोनला संघराज्यच हवं असं याच गृहस्थांनी जाहीरपणे मांडलं होतं. तीस वर्षांनी तो शब्द उच्चारणंही त्यांना परवडणारं नव्हतं. संघराज्य म्हणजे देशाची फाळणी, असं समीकरण दक्षिणेत रूढ झालं होतं.

तिसरा मार्ग मधला: कायद्याला हात लावायचा नाही, पण खालच्या पातळीवर अधिकार वाटायचे. प्रादेशिक मंडळांची कल्पना त्यांच्या निवडणुकीतल्या आश्वासनांतही होती. म्हणजे ही तमिळांना दिलेली भीक आहे असं न म्हणता आपलाच जुना कार्यक्रम म्हणून ती पुढे नेता आली असती. तसं केलं गेलं नाही.

चेल्वनायकम यांच्यापुढेही सत्याग्रह हा उघड पर्याय होता. पण १९५६ची मारहाण ताजी होती, आणि दंगल झाली तर मार खाणार ते दक्षिणेत विखुरलेले तमिळ, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या बाजूला पोन्नंबलम टपून बसलेले. तडजोड केली की ‘विकला गेला’ हा आरोप ठरलेलाच.

दोघांची पार्श्वभूमी पाहिली तर हे भांडण धर्माचं किंवा रक्ताचं होतं असं म्हणणं अवघड जातं. बंदारनायके अँग्लिकन ख्रिस्ती घरात जन्मले आणि नंतर बौद्ध झाले. सिंहली भाषणं करायला ते मोठेपणी शिकले. चेल्वनायकम स्वतः ख्रिस्ती, आणि बहुसंख्य हिंदू असलेल्या समाजाचे निर्विवाद नेते. दोघेही इंग्रजी वळणाचे बॅरिस्टर-वकील पठडीतले, आणि कराराचा मजकूरही इंग्रजीतच लिहिला गेला.

करारात काय होतं

उत्तर प्रांताचं एक प्रादेशिक मंडळ, पूर्व प्रांताची दोन किंवा अधिक. संसदेच्या मान्यतेने मंडळांना प्रांताची हद्द ओलांडूनही एकत्र येता येणार होतं. सदस्य थेट निवडणुकीतून. शेती, सहकार, शिक्षण, आरोग्य, मासेमारी, रस्ते, पाणीयोजना असे विषय मंडळांकडे; शिवाय कर लावण्याचा आणि कर्ज उभारण्याचा अधिकार. सर्वात कळीचं कलम जमिनीचं होतं: वसाहत योजनांत जमीन कुणाला द्यायची ते मंडळ ठरवणार. तमिळला राष्ट्रीय अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता आणि उत्तर-पूर्वेचा कारभार तमिळमधून, मात्र सिंहलीच्या राजभाषेच्या स्थानाला धक्का न लावता. मळ्यातल्या तमिळांच्या नागरिकत्वावर लवकरच विचार करू, एवढंच. बदल्यात सत्याग्रह मागे.

मसुदा म्हणून तो चांगलाच होता. दोन्ही बाजूंची इभ्रत राखण्यासाठी त्यात एक सोय होती: संघराज्यावर चर्चा शक्य नाही असं पंतप्रधानांनी नोंदवलं आणि आपल्या मूळ उद्दिष्टांना मुरड न घालता ही तात्पुरती तडजोड आहे असं फेडरल पक्षाने. खोली सोडताना दोघांनाही हे सोयीचं वाटलं असणार. पण मग दक्षिणेतला विरोधक कोणतं वाक्य उचलणार? ‘ही तात्पुरती आहे असं तेच म्हणतायत, पुढची मागणी फाळणीचीच.’ अगदी तेच झालं.

पूर्व प्रांतातल्या मुसलमानांना या चर्चेत स्थान नव्हतं, आणि तिथे ते लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या जवळपास होते. मळ्यातले तमिळ तर एका वाक्यात उरकले गेले.

आठ महिन्यांत काय घडलं

करारानंतर लगेच विधेयक मांडून मंजूर करून घ्यायला हवं होतं. ते झालं नाही, आणि पोकळी विरोधकांनी भरली. आठ जागांवर आलेल्या युनायटेड नॅशनल पक्षाला पुन्हा उभं राहायला मुद्दा हवाच होता. ऑक्टोबर १९५७मध्ये याच पक्षाच्या जयवर्धने यांनी करार रद्द व्हावा म्हणून कोलंबोहून कँडीच्या, बौद्धांना पवित्र असलेल्या दंतमंदिरापर्यंत पदयात्रा काढली. पहिल्याच टप्प्यात इंबुलगोडा इथे सरकार पक्षाच्या एका खासदाराने समर्थकांसह रस्ता अडवला आणि यात्रा परत फिरली. सरकारला वाटलं, संकट टळलं. पण सरकारच्या पोटातही हा करार नको असणारे मंत्री होते, आणि ज्या भिक्खूंनी १९५६मध्ये गावोगाव प्रचार केला होता त्यांना करार वर्तमानपत्रातून समजला होता.

मग आली नंबरप्लेट. वाहनांच्या क्रमांकात इंग्रजी अक्षरांऐवजी सिंहली लिपीतलं ‘श्री’ हे अक्षर घालायचं ठरलं होतं. खात्याच्या फाइलीत ही मामुली बाब असेल. पण भाषेच्या कायद्याला अजून रस्त्यावर चेहरा नव्हता, तो या अक्षराने दिला. बससेवेचं राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५८मध्ये झालं आणि मार्चमध्ये सिंहली ‘श्री’ मिरवणाऱ्या सरकारी बस उत्तरेत धाडल्या गेल्या. फेडरल पक्षाने त्या अक्षरावर डांबर फासायची मोहीम सुरू केली, स्वतःच्या गाड्यांवर तमिळ अक्षर लावलं. उत्तर म्हणून कोलंबोत आणि दक्षिणेतल्या गावांत डांबराच्या बादल्या निघाल्या. दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावं, जिथे तमिळ दिसेल तिथे काळं. घटनेची कलमं वाचणारे थोडे असतात, बसची पाटी सगळ्यांना दिसते. शेती, शिक्षण, जमीन यांचं वाटप ठरवणारा करार एका अक्षराच्या पायी धोक्यात आला.

९ एप्रिल १९५८

सिंहली-तमिळ नववर्ष चार-पाच दिवसांवर आलेलं. दोन्ही समाज हा सण एकाच वेळी साजरा करतात. त्या सकाळी दोनशेच्या आसपास भिक्खू आणि त्यांच्यासोबत काहीशे लोक कोलंबोतल्या रोझमीड प्लेसवर पंतप्रधानांच्या घरी पोचले आणि समोरच्या हिरवळीवर बसले. करार रद्द झाल्याशिवाय उठणार नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून सत्ता आली तेच हे लोक. त्यांना पोलिसांकरवी उचलणं म्हणजे पाच शक्तींपैकी पहिलीशीच वैर. दिवसभर बोलणी झाली. अखेरीस बंदारनायके यांनी करार रद्द झाल्याचं सांगितलं. तोंडी शब्दावर भिक्खू उठेनात. लेखी द्यावं लागलं, आणि ते दिलं.

लेखी मागितलं हा तपशील मला फार बोलका वाटतो. १९५५ ते ५७ या काळात शब्द इतक्यांदा फिरले होते की खुद्द पाठीराख्यांचाही त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता.

परिणाम

मे महिन्यात फेडरल पक्षाचं अधिवेशन वावुनियाला भरणार होतं. तिकडे निघालेल्या तमिळांच्या आगगाड्यांवर पोलोन्नरुवाच्या बाजूला हल्ले झाले आणि तिथून दंगल देशभर गेली. उत्तर-पूर्वेत सिंहलींवरही हल्ले झाले, पण सर्वाधिक मार दक्षिणेतल्या तमिळांनी खाल्ला. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. ते शेकड्यांत आहेत. आणीबाणी लागली २७ मेला, म्हणजे फार उशिरा. कोलंबोतल्या छावण्यांतल्या हजारो तमिळांना जहाजांत बसवून जाफन्याला पोचवलं गेलं. आपल्याच देशातल्या एका भागातून दुसऱ्या भागात, जीव वाचवायला. तमिळांचा ‘आपला प्रदेश’ ही तोवरची राजकीय कल्पना, या जहाजांतून उतरलेल्यांसाठी जगण्याची गोष्ट झाली.

ऑगस्टमध्ये सरकारने तमिळच्या वापरासाठी वेगळा कायदा केला, फेडरल पक्षाचे खासदार स्थानबद्ध असताना. त्याखालचे नियम १९६६पर्यंत झालेच नाहीत. सप्टेंबर १९५९मध्ये बंदारनायके यांच्यावर त्यांच्या घरीच एका भिक्खूने गोळ्या झाडल्या. कटाचा सूत्रधार म्हणून शिक्षा झाली ती १९५६मध्ये त्यांच्यासाठी राबलेल्या केलानिया विहाराच्या प्रमुखाला. १९६५मध्ये युनायटेड नॅशनल पक्षाचे नेते डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी जवळपास तसाच करार केला. या वेळी विरोधाची पाळी बंदारनायके यांच्या पक्षाची होती. तोही करार १९६८पर्यंत बारगळला. १९७६मध्ये वड्डुकोड्डईला तमिळ पक्षांच्या आघाडीने स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा ठराव केला, आणि त्या आघाडीच्या अग्रभागी तेच वृद्ध, आजारी चेल्वनायकम होते.

२९ जुलै १९८७ला, पहिल्या करारानंतर तीस वर्षं आणि तीन दिवसांनी, भारत-श्रीलंका करार झाला. त्यातून प्रांतिक मंडळं आली, उत्तर आणि पूर्व तात्पुरते जोडले गेले, तमिळलाही राजभाषेचा दर्जा मिळाला. १९५७च्या करारात ठरलं होतं त्याहून हे जास्तच होतं. सही करणारे अध्यक्ष होते जे. आर. जयवर्धने.

कुठे वेगळं वागता आलं असतं

करार अमलात आला असता तर युद्ध टळलं असतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वसाहत योजनांचा वाद एकटाच पुरेसा स्फोटक होता. पण काही वळणं अशी आहेत जिथे दुसरा रस्ता दिसत असूनही घेतला गेला नाही.

पहिलं, वेळ. जुलै १९५७मध्ये संसदेतलं गणित कागदावर अवघड नव्हतं. फेडरल पक्षाचे १०, आणि तमिळला समान दर्जा मागणारे डावे पक्ष धरले तर १७, मिळून २७. पंतप्रधानांच्या आघाडीतले निम्म्याहून अधिक खासदार फुटले असते तरी विधेयक तरलं असतं. अडचण अशी की विरोधकांच्या मतांवर तरलेलं विधेयक आघाडी फोडून गेलं असतं. बंदारनायके यांनी आघाडी वाचवायचं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, निर्णय पुढे ढकलत राहिले.

दुसरं, आपल्याच लोकांशी बोलणं. भिक्खूंना प्रचारात पुढे करायचं आणि तडजोडीत बाहेर ठेवायचं, हे चालणारं नव्हतं. सगळ्या भिक्खूंचं एक मत होतं असंही नाही. जुलैमध्येच विहारांत माणसं पाठवून प्रादेशिक मंडळं हा आपल्याच जाहीरनाम्याचा भाग आहे हे समजावलं असतं, तर एप्रिलमध्ये हिरवळीवर किती बसले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तिसरं, नंबरप्लेट. नुसते आकडे ठेवले असते किंवा उत्तरेत जायच्या बसना जुन्याच पाट्या राहू दिल्या असत्या तर एक रुपया खर्च नव्हता. वाहतुकीचं खातं हा निर्णय घेत असताना करार करणाऱ्यांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही. फेडरल पक्षालाही दोन मार्ग होते: तक्रार थेट पंतप्रधानांकडे नेणं किंवा डांबर हातात घेणं. करार हातात असताना त्यांनी दुसरा मार्ग निवडला, कारण जाफन्यात पोन्नंबलम यांच्या माणसांपुढे मवाळ दिसणं त्यांना नको होतं. दक्षिणेत जी चढाओढ चालू होती तिचीच ही उत्तरेतली आवृत्ती.

आणि चौथं म्हणजे ९ एप्रिलचा निर्णय. त्या संध्याकाळी करार स्थगित ठेवून संसदेत चर्चा घेतो, असं म्हणायला वाव होता. भिक्खू कदाचित रात्रभर बसले असते, नववर्षालाही तिथेच असते. १९५६चं उपोषण मात्र सर्वांच्या स्मरणात होतं, पंतप्रधानांच्याही. एकदा नमते घेतले की दुसऱ्यांदा किती वेळ लागतो याचा अंदाज हिरवळीवर बसलेल्यांना आधीच आलेला होता.